डिप्रेशन, गोळ्या आणि घरचे लोक: मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मानसोपचार विभागात समाजकार्यकर्ती आहे. डॉक्टर आत तपासतात, गोळ्या लिहून देतात. चिठ्ठी हातात घेऊन माणसं बाहेर येतात आणि मग त्यांना खरे प्रश्न सुचतात. तेच इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न रोज येतात. डोस आणि औषधाची निवड मात्र तुमच्या डॉक्टरांनीच करायची, हे वाचून नव्हे.

नुसतं वाईट वाटणं आणि डिप्रेशन, यातला फरक कसा ओळखायचा?

किती दिवस चाललंय आणि रोजची कामं अडली आहेत का, हे बघायचं. मन उदास असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, यातलं निदान एक लक्षण सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ असावं लागतं. जोडीला झोप आणि भूक बिघडणं (कमी किंवा जास्त, दोन्ही), थकवा, हालचाल किंवा बोलणं मंदावणं नाहीतर उगाच अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत किंवा आपलंच चुकलं असं सतत वाटणं, मरणाचे विचार. एकूण नऊ लक्षणांपैकी पाच असली आणि त्यामुळे घर, काम, अभ्यास अडला, तर डॉक्टर डिप्रेशनचं निदान करतात.

जवळचं माणूस गेल्यावरचं दुःख वेगळं. तेराव्यानंतर नातवंडाच्या बोबड्या बोलण्यावर आजीला क्षणभर का होईना हसू येतं. डिप्रेशनमध्ये तेच बोलणं कानावर पडतं, पण आत काही हलत नाही.

मला वाईटबिईट काही वाटत नाही. अंग दुखतं, पोट बिघडतं. मला इथे का पाठवलं?

हा प्रश्न मुख्यतः पन्नाशीच्या पुढची मंडळी विचारतात, तेही जरा रागाने. हातात दुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात रिपोर्टांची जाडजूड फाइल. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, ईसीजी झाला, सगळं नॉर्मल. मग मी विचारते, जाग किती वाजता येते? उत्तर येतं, साडेतीन-चार. त्यानंतर झोप नाही, छातीत धडधड, उजाडूच नये असं वाटतं. सकाळचा चहासुद्धा नकोसा होतो. संध्याकाळी जरा बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. पहाटे लवकर जाग येणं आणि सकाळी जास्त त्रास होणं ही डिप्रेशनची जुनी ओळखीची खूण आहे. आपल्याकडे मनाचं दुखणं पोट, डोकं आणि कंबर यांच्या नावाने सांगायची रीत आहे, म्हणून ते मनाचं दुखणं नाही असं होत नाही.

उलटही घडतं. थायरॉइड मंद असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल तरी माणूस थकतो, मरगळतो. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता नेहमीची आहे. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. ते टाळू नका.

हे होतं कशामुळे? मेंदूतलं केमिकल कमी होतं म्हणे.

सेरोटोनिन कमी झालं म्हणून डिप्रेशन आलं, हे समजावायला सोपं वाक्य आहे, पण ते फार सोपं आहे. २०२२मध्ये आजवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात या साध्या समीकरणाला पक्का पुरावा सापडला नाही. खरं चित्र गुंतागुंतीचं आहे. घराण्यात आजार असणं, लहानपणीचे आघात, कर्ज, नोकरी जाणं, एकटेपणा, दीर्घ आजारपण, दारू, काही औषधं. यातल्या अनेक गोष्टी एकत्र येतात, तर कधी काहीच सापडत नाही. कारण सापडलं नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही.

‘मग गोळ्याही खोट्याच ना?’ असं लगेच विचारलं जातं. नाही. औषध का चालतं हे नीट न कळताही ते चालतं की नाही हे तपासता येतं. २०१८मध्ये २१ औषधांवरच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा ती सगळी औषधं मोठ्या माणसांच्या डिप्रेशनमध्ये नुसत्या खोट्या, म्हणजे आत औषधच नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक प्रचंड नव्हता, पण होता. गंमत म्हणजे सुरुवातीच्या औषधांपैकी एक टीबीसाठी वापरलं जात होतं. १९५०च्या दशकात ते घेणाऱ्या रुग्णांना वेगळीच तरतरी येते हे डॉक्टरांच्या लक्षात आलं.

म्हणजे बीपी-शुगरसारखाच आजार समजायचा का?

तसं सांगायची पद्धत आहे. मला ती पुरती पटत नाही. शुगर रक्तात मोजता येते, डिप्रेशन मोजायला अशी तपासणी नाही. शिवाय ‘शुगरसारखं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, गोळ्या आता जन्मभराच्या. बहुतेकांच्या बाबतीत तसं नसतं.

घरचे म्हणतात, मन घट्ट कर. तुला कमी काय आहे?

‘सुख टोचतंय’ हेही ऐकलं असेल. घरच्यांचा हेतू वाईट नसतो, पण ज्याला अंघोळीला उठणंच डोंगराएवढं झालंय त्याला हे ऐकून आणखी अपराधी वाटतं. आणि अपराधी वाटणं हे मुळात आजाराचंच लक्षण. घरच्यांनी म्हणायचंच असेल तर ‘डॉक्टरकडे मी येते तुझ्याबरोबर’ म्हणावं. सल्ल्यापेक्षा सोबत जास्त उपयोगी पडते. नंबर लावणं, फाइल सांभाळणं, गोळीची वेळ लक्षात ठेवणं. आजारी माणसाकडून यातलं नेमकं काहीच होत नसतं.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर... कुणाकडे जायचं?

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात आणि थेरपी करतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र पुण्यात कुणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण विचारायला लाजू नका. त्रास सौम्य असेल तर थेरपीपासून सुरुवात करायला हरकत नाही. झोप-भूक उडालीय, कामावर जाणं थांबलंय, मरणाचे विचार येताहेत, तर आधी सायकियाट्रिस्ट. फॅमिली डॉक्टर विश्वासातले असतील तर तिथूनही सुरुवात होते.

पहिल्या भेटीत काय विचारतात?

त्रास कधीपासून, झोप, भूक, घरात कुणाला असं झालं होतं का, दारू-तंबाखू, आधीची औषधं. कधीकधी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी भरून घेतात, गुण ० ते २७. हा आकडा निदान नव्हे, पण पुढच्या भेटीत सुधारणा मोजायला बरा पडतो. आणि हो, आधी कधी काही दिवस उलट त्रास झाला होता का, तेही विचारतील: झोप न घेता भलताच उत्साह, पैशांची उधळण, बोलणं थांबतच नाही. हे नक्की सांगा. तो बायपोलर आजार असू शकतो आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मन भलतीकडे उसळू शकतं.

गोळ्या न घेता, फक्त बोलून बरं वाटणार नाही का?

सौम्य आणि मध्यम त्रासात वाटू शकतं. पण थेरपी म्हणजे नुसतं मन मोकळं करणं नाही, तिथे काम असतं. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) या पद्धतीत आपोआप येणारे विचार पकडून तपासायला शिकवतात. मराठी वाचकांना अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती ऐकून माहीत असते. तिचं कूळही जवळचंच. मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती बिहेवियरल अॅक्टिव्हेशन, कारण ती सर्वांत साधी वाटते आणि करायला सर्वांत अवघड असते. ‘इच्छा झाली की करेन’ हे आजारात उलटं पडतं, कारण इच्छा होतच नाही. म्हणून आधी करायचं, इच्छा मागून येईल. एका बाईंच्या वहीत पहिल्या आठवड्यात एवढंच होतं: संध्याकाळी सहाला खाली उतरून दूध आणणे. पिशवी घरपोच येत होती ती मुद्दाम बंद केली. पुढच्या आठवड्यात दुधाबरोबर बाकावर पाच मिनिटं बसणे. तिसऱ्या आठवड्यात शेजारणीने विचारलं, ‘बऱ्याच दिवसांनी दिसलात?’ आणि त्या घाबरून घरी परतल्या. तेही वहीत लिहिलं आणि पुढच्या सत्रात त्यावरच बोलणं झालं.

साधारण आठ ते सोळा सत्रं लागतात. त्रास तीव्र असेल तर औषध आणि थेरपी दोन्ही मिळून एकट्या कशापेक्षाही बरं काम करतात.

गोळी सुरू केली, आठवडा झाला, काहीच फरक नाही. बदलू का?

नको. या गोळ्या दोन ते चार आठवड्यांनी लागू पडायला लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे जातात. पंचाईत अशी की त्रासदायक परिणाम पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे सुरुवातीला माणसाला वाटतं, फायदा शून्य आणि मळमळ तेवढी पदरात पडली. इथेच पुष्कळ लोक गोळी सोडतात. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही नेहमीची पहिली औषधं. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, झोपेत बदल हे बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतं. नाश्त्यानंतर घेतली तर मळमळ कमी होते.

पहिल्या गोळीने सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. डोस वाढवणं, औषध बदलणं, व्हेन्लाफॅक्सिन किंवा मिर्टाझापिनसारखं दुसऱ्या गटातलं देणं, लिथियमची जोड देणं, असे पर्याय पुढे असतात. दुसरी चिठ्ठी मिळाली म्हणजे पहिले डॉक्टर चुकले, असं नव्हे. दर महिन्याला डॉक्टर बदलत राहिलं तर कुठलंच औषध पुरेसे दिवस पोटात जात नाही.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात. त्या काळात घरच्यांनी जवळ राहावं आणि असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा.

लैंगिक इच्छा कमी होते, हे खरं का?

खरं आहे, आणि विचारायला अवघड वाटतं म्हणून लोक न सांगता गोळी बंद करून टाकतात. डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

गोळ्यांची सवय लागते ना?

बाकावरचा हा सर्वांत लोकप्रिय प्रश्न. दोन प्रकारच्या गोळ्यांची सरमिसळ झाल्यामुळे तो येतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांची सवय लागते. हळूहळू जास्त डोस लागायला लागतो. त्या थोडे दिवस, आधाराला म्हणून देतात. ‘झोप छान लागते’ म्हणून ओळखीच्या केमिस्टकडून वर्षानुवर्षं आणणारे लोक पेठांपासून उपनगरांपर्यंत सगळीकडे आहेत, आणि डिप्रेशनवर तो इलाज नव्हेच.

डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी तलफ येत नाही, डोसही आपोआप वाढवत न्यावा लागत नाही. पण अचानक सोडल्या तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो. काहींना तो बरेच दिवस होतो. म्हणून बंद करतानाही डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.

बरं वाटतंय. मग अजून कशाला घ्यायच्या?

सगळ्या पानातलं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. बरं वाटायला लागणं आणि आजार जाणं यात काही महिन्यांचं अंतर असतं. पहिल्याच वेळी झालेल्या डिप्रेशनमध्ये पूर्ण बरं वाटल्यापासून पुढे निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. आजार परत परत येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. गणपतीत बरं वाटलं आणि दिवाळीत गोळी सोडली, तर शिमग्यापर्यंत माणूस पुन्हा बाकावर दिसायची शक्यता बरीच. बहुतेक वेळा गोळी सोडायचं कारण साधं असतं: पाहुणे आले आणि पाकीट लपवलं, गावी जाताना विसरलं, सासूबाई म्हणाल्या ‘आता कशाला’. उपचार फसले म्हणून येणाऱ्यांपेक्षा उपचार अर्धे राहिले म्हणून येणारेच मला जास्त भेटतात.

शॉक देतात का अजून?

देतात, पण सिनेमात दाखवतात तसा नाही. ईसीटी भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याशिवाय देण्यास बंदी आहे. साधारण सहा ते बारा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. माणसाने खाणंपिणं सोडलंय, जीव देण्याचा धोका आहे, गोळ्यांची वाट बघायला वेळ नाही, तिथे याच्याइतकं लवकर काम करणारं दुसरं फारसं काही नाही. आसपासच्या दिवसांचं विस्मरण होतं, ते बहुतेकांचं हळूहळू भरून येतं. काही आठवणी मात्र परत येत नाहीत. ही बाजूही आधीच विचारून घ्यावी.

टीएमएस म्हणजे चुंबकीय लहरींचा उपचार. भूल लागत नाही, पण आठवड्यात पाच दिवस याप्रमाणे चार ते सहा आठवडे जावं लागतं आणि खर्च बराच. केटामाइन हे मुळात भुलीचं औषध, ते फक्त निवडक, गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी, देखरेखीखाली.

योग, चालणं, आयुर्वेद, की बाहेरचं बघून घ्यायचं?

नियमित व्यायामाचा उपयोग होतो, याला चांगला पुरावा आहे. तळजाईवर किंवा सोसायटीच्या आवारात रोज अर्धा तास चाला. योगही जोडीला चांगला. काढे आणि चूर्णं घेत असाल तर डॉक्टरांना नाव सांगा, काहींची गोळ्यांशी गाठ पडते. देवाला नवस बोलायला माझी हरकत नाही. गोळी बंद करायला सांगणाऱ्या बाबाला आहे.

हे दारू पितात म्हणून डिप्रेशन, की डिप्रेशन म्हणून दारू?

दोन्ही. दारूने त्या रात्रीपुरती झोप येते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. दोन्हींवर एकत्र उपचार लागतात. येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून याच कामात आहे.

बाळंतपणानंतर मुलगी सारखी रडते. माहेरी सगळं तर नीट आहे.

पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्यापुढे टिकलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, बाळ झोपलं तरी हिला झोप येईना, तर दाखवा. सर्ट्रालिनसारखी काही औषधं अंगावर पाजतानाही देता येतात. बाळाला इजा करण्याचे विचार, भास, असंबद्ध बोलणं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मुलगा एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत राहतो. फोनवर ‘चाललंय’ एवढंच म्हणतो.

‘अभ्यास कसा चाललाय’ हा प्रश्न एकदा सोडून बघा. जेवलास का, मेस बदललीस का, झोपतोस किती वाजता, हे विचारा. अभ्यासिकेत बारा तास खुर्ची अडवून एकच पान उघडं, मित्रांबरोबर चहाला जाणं बंद, निकालानंतर गावी यायचं टाळणं ही दिसणारी चिन्हं आहेत. शक्य असेल तर एक एसटी पकडून येऊन जा. आणि ‘एवढा खर्च केला’ हे वाक्य गावीच ठेवून या.

आईबाबा कोथरूडला, आम्ही परदेशी. आई हल्ली विसरते, बोलत नाही.

उतारवयात डिप्रेशन विस्मरणाच्या रूपातही येतं, म्हणून स्मृतिभ्रंश ठरवण्याआधी तपासणी करून घ्या. या वयात गोळ्यांमुळे कधी रक्तातलं सोडियम उतरतं. गळून गेल्यासारखं झालं, गोंधळ उडाला तर लगेच रक्त तपासा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तेही सांगा. रविवारचा व्हिडिओ कॉल ठीकच, पण आठवड्यातून दोनदा दार वाजवणारं माणूस जास्त महत्त्वाचं.

तो म्हणाला, ‘जगून काय करू’. यावर विचारलं तर उलट डोक्यात भरेल ना?

नाही भरत. सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलं आहेस का?’ विचारल्याने बहुधा हायसंच वाटतं. ठरवलंय असं म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातला औषधांचा साठा, कीटकनाशकं हलवा, आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो. जिवाला धोका असेल तर ११२. पोलिस केसच्या भीतीने थांबू नका: २०१७च्या कायद्याने असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं आहे, आणि अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेत नाही.

पुण्यात कमी खर्चात कुठे? विमा मिळतो का?

ससून रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम रुग्णालय, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. येरवडा म्हटलं की लोक दचकतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे; तपासून, गोळ्या घेऊन माणसं घरी जातात. सकाळी लवकर जा, जुने कागद न्या. गोळ्या जेनेरिक घेतल्या तर खर्च बराच उतरतो, जनऔषधी दुकानात विचारा. कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीनेच धरावा लागतो. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, दर महिन्याची तपासणी फी नाही.

स्थळं बघताना सांगायचं का?

माझं मत, सांगावं. पहिल्या चहापोह्यांना नव्हे, पण ठरण्याआधी. सांगितलं नाही की लग्नानंतर गोळ्या लपवाव्या लागतात, आणि लपवलेली गोळी चुकते. ऑफिसचं वेगळं. तिथे तुमच्या सोयीपुरतं सांगा, निदानाचं नाव सांगणं बंधनकारक नाही.

पुन्हा होईल का?

एकदा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुढे कधीतरी परत होतं. म्हणून बरं असतानाच आपली सुरुवातीची लक्षणं कागदावर लिहून घ्या. कुणाची आधी झोप जाते, कुणी फोन उचलणं बंद करतं, कुणी पेपर वाचायचा थांबतो. घरच्या एकाला तो कागद दाखवून ठेवा. यातली दोन-तीन आठवडाभर दिसली तर डॉक्टरांची वेळ घ्या. जुनी फाइल आणि कुठल्या औषधाने, किती डोसने बरं वाटलं होतं ती चिठ्ठी बरोबर असू द्या.